संध्याकाळी खाली येणारं पान तहानलेलं नसतं

इंदूरला, आमच्या रामबागेत, शेजारच्या काकूंनी गच्चीवर कुंडीत राजमा पेरला होता. दिवेलागणीला पानं खाली लोंबलेली दिसली की त्या तांब्याभर पाणी घालायच्या. सकाळी पानं पुन्हा वर, म्हणजे पाणी लागू पडलं! महिन्याभरात मुळं कुजली.

पान बोटांत धरून पाहा. तहानलेलं पान लुळं लागतं. राजम्याचं संध्याकाळचं पान ताठच असतं, वाकलेला असतो तो पात्याच्या बुडाशी असलेला फुगीर सांधा, म्हणजे पुलवृंत.

या सांध्यातलं रसायन मला फार मोहवतं. त्याच्या खालच्या बाजूच्या पेशी सकाळी एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारं रसायन, खर्चून प्रोटॉन हे धन प्रभाराचे कण बाहेर फेकतात. धन प्रभार गेल्यामुळे पेशी आतून अधिक ऋण होते आणि पोटॅशियमचे धन आयन (प्रभार असलेले कण) पेशीच्या पटलातल्या मार्गांतून आत ओढले जातात. प्रभार जुळवायला क्लोराइड सोबत येतं, शिवाय पेशी स्वतः मॅलेट हा ऋण आयन तयार करते. आत आयन साठले की परासरणानं पाणी येतं. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं ना, तोच नियम. फक्त इथे खारटपणा आत आहे, म्हणून पाणीही आत शिरतं. पेशी टम्म फुगतात, खालून रेटा बसतो, पातं उचललं जातं. संध्याकाळी पोटॅशियम बाहेर पडतं, पाणी त्याच्या मागोमाग जातं, आणि आता वरच्या बाजूच्या पेशी फुगून पान खाली दाबतात. यात पेशींची कायमची वाढ होत नाही, म्हणून तोच सांधा रोज वाकतो.

चिंचेची पानंही अशाच सांध्यांनी रात्री मिटतात. त्या मिटलेल्या चिंचेवर भूत बसवून मुलांना घाबरवणं आता थांबायला हवं. शिकंदराच्या आरमारातल्या अँड्रॉस्थेनिसनं हे मिटणं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच नोंदवलं होतं.

हे सारं अंधारामुळे होतं का? 1729 मध्ये फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ द मेराँ यांचं झाड कायम अंधारात असूनही वेळेवर पानं उघडत-मिटत राहिलं. पुढे 1930च्या दशकात जर्मनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ एर्विन ब्युनिंग यांनी घेवड्यावर काम करून दाखवलं की बाहेरची खूण नसली की ही लय नेमकी 24 तासांची राहत नाही, थोडी सरकते, आणि ती वंशपरंपरेनं उतरते. घड्याळ पेशीतच आहे, उजेड ते रोज फक्त जुळवून देतो.

राजम्याचं रोप दोन दिवस बंद कपाटात ठेवा आणि सकाळी क्षणभर दार उघडून बघा. पान वर आलेलं असेल.