चंद्रावरून परतलेली हाक आणि तिचा पीळ

पौर्णिमेचा चंद्र पृथ्वीच्या थोडा जवळ आला की ‘सुपरमून’च्या बातम्यांना भरती येते आणि जो फरक नुसत्या डोळ्यांना तुलनेवाचून जाणवणेही कठीण, त्याचे वर्णन ‘महाकाय चंद्र’ अशा शब्दांत होऊ लागते. गंमत अशी की, चंद्राच्या जवळ-दूर असण्याने ज्यांच्या कामात खरोखर मोजण्याजोगा फरक पडतो, त्या मंडळींना पौर्णिमेशी काहीच देणेघेणे नसते. ही मंडळी म्हणजे चंद्रावर रेडिओ लहरी सोडून, तिथून परावर्तित होऊन येणाऱ्या क्षीण लहरींच्या आधारे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाशी संपर्क साधणारे हौशी रेडिओचालक. चंद्र उपभू बिंदूपाशी, सुमारे ३,५६,५०० किलोमीटरवर असताना मिळणारा प्रतिध्वनी, तो ४,०६,७०० किलोमीटरवर अपभू बिंदूपाशी असतानाच्या प्रतिध्वनीपेक्षा जवळजवळ १.७ पट शक्तिशाली असतो, कारण जाण्याच्या आणि येण्याच्या अशा दोन्ही वाटांवर लहर पसरत असल्यामुळे शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते. चंद्राचा किती भाग उजळलेला आहे याला इथे महत्त्व नाही. अमावास्या मात्र नकोशी असते आणि त्याचे कारण अगदी साधे आहे : त्या वेळी चंद्राच्या जवळच सूर्य असतो आणि सूर्य हा स्वतःच रेडिओ गोंगाटाचा मोठा उगम आहे.

चंद्रावरून परतलेला रेडिओ प्रतिध्वनी अमेरिकी सैन्याच्या ‘प्रोजेक्ट डायना’ या प्रयोगात १० जानेवारी १९४६ रोजी, १११.५ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर प्रथम नोंदला गेला. हौशी रेडिओचालकांनी १९५३ मध्ये १४४ मेगाहर्ट्झवर स्वतःचे प्रतिध्वनी टिपले आणि जुलै १९६० मध्ये १२९६ मेगाहर्ट्झवर दोन हौशी केंद्रांचा चंद्रामार्गे पहिला दुतर्फा संपर्क झाला. आज या प्रकाराच्या स्पर्धा भरतात. अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी रेडिओचालकांच्या संघटनेची वार्षिक स्पर्धा तीन शनिवार-रविवारांत विभागलेली असते. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त केंद्रांशी आणि जास्तीत जास्त प्रदेशांशी संपर्क पूर्ण करायचा, एवढाच खेळ. तो किती अवघड आहे हे मात्र आकडे मांडल्याशिवाय लक्षात येत नाही.

१४४ मेगाहर्ट्झवर पृथ्वी ते चंद्र आणि परत या वाटेवर होणारी घट साधारण २५२ डेसिबल असते, म्हणजे शक्ती एकावर पंचवीस शून्ये इतक्या पटींहूनही अधिक कमी होते. चार लांब यागी अँटेना (एका दांड्यावर समांतर सळ्या बसवलेल्या, घरांवरच्या जुन्या टीव्ही अँटेनांसारख्या) एकत्र जोडून एकाच दिशेला शंभर पट शक्ती एकवटली, तरी तिचा झोत पंधरा अंशांहूनही अधिक रुंद असतो. चंद्राची चकती अवघी अर्धा अंश, त्यामुळे झोताचा फार मोठा भाग चंद्राला चुकवून अवकाशात निघून जातो, आणि जो चंद्रावर पोहोचतो त्यातीलही जेमतेम सात टक्के परावर्तित होतो. (अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांचा इथे काही संबंध नाही. ते लेसर किरणांसाठी आहेत. इथे परावर्तन होते ते चंद्राच्या उघड्यावाघड्या खडकाळ पृष्ठभागावरून.) एक हजार वॉट प्रक्षेपित केले, तर समोरच्या तशाच चार यागींच्या टोकाशी जे पोहोचते ते एका वॉटचे एकावर अठरा शून्ये इतके भाग करून त्यातील एकाहूनही कमी असते.

म्हणून अशा केंद्राची तयारी ही मुख्यतः ऐकण्याची तयारी असते. अँटेना आणि पहिला प्रवर्धक यांच्यामध्ये केबलमुळे अर्धा डेसिबल जरी वाया गेला, तरी एकूण गोंगाटात (तो तापमानाच्या एककात, केल्विनमध्ये मोजतात) सुमारे ३५ केल्विनची भर पडते, आणि आकाशाचा शांत भाग स्वतःच काही शे केल्विनचा असताना ही भर नगण्य राहत नाही. त्यामुळे हा पहिला प्रवर्धक, म्हणजे प्रीॲम्प, खाली टेबलावर न ठेवता वर, अँटेनाच्या अगदी लगत बसवतात. पण त्याच तारेतून काही क्षणांनी हजार वॉट जाणार असतात आणि तो नाजूक ट्रान्झिस्टर एवढ्या शक्तीच्या हजाराव्या भागानेही जळू शकतो. म्हणून ‘सिक्वेन्सर’ नावाचे एक छोटे मंडल क्रम सांभाळते : आधी प्रीॲम्प बाजूला काढायचा, मग रिले (विजेवर चालणारा स्विच) पूर्णपणे फिरू द्यायचा आणि त्यानंतरच शक्ती सोडायची. परत ऐकण्याकडे वळताना हाच क्रम उलटा. स्पर्धेच्या पहिल्याच तासात बाद होणाऱ्या केंद्रांच्या कहाण्यांत हा क्रम चुकल्याचे प्रकरण बहुतेक वेळा कुठेतरी असतेच, आणि म्हणून जादा प्रीॲम्प हाताशी ठेवणे ही चैन नव्हे.

अँटेना नीट रोखली आहे की नाही आणि ग्राहक (रिसीव्हर) खरोखर संवेदनशील आहे की नाही, हे तपासायला सूर्य फार उपयोगी पडतो. अँटेना आधी आकाशाच्या शांत भागाकडे आणि मग सूर्याकडे वळवायची आणि गोंगाट किती वाढला ते मोजायचे. ही वाढ अपेक्षेपेक्षा कमी आली, तर कुठेतरी पाणी शिरलेला जोड किंवा चुकलेला दिगंश (अँटेनेच्या आडव्या दिशेचा कोन) आहे असे समजावे. त्यानंतरची परीक्षा म्हणजे स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकणे. बटण दाबून सोडल्यावर साधारण अडीच सेकंदांनी आपलाच सूर किंचित बदललेल्या पट्टीत परत येतो. पट्टी बदलते ती डॉप्लर परिणामामुळे, कारण पृथ्वीच्या फिरण्याने चंद्रोदयाच्या वेळी आपण चंद्राकडे सरकत असतो आणि चंद्रास्ताच्या वेळी त्याच्यापासून दूर. १४४ मेगाहर्ट्झवर हा फरक जास्तीत जास्त ४४० हर्ट्झच्या आसपास असतो, १२९६ वर तो सुमारे चार किलोहर्ट्झपर्यंत जातो. तो गणिताने आधीच काढता येतो, त्यामुळे त्याचा त्रास फारसा होत नाही.

खरा त्रास ज्याचा होतो, आणि जो मला या साऱ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो, तो आहे ध्रुवीकरणाचा पीळ.

स्पर्धेत वारंवार येणारा अनुभव असा. एखादे केंद्र मोठ्याने, अगदी स्पष्ट ऐकू येते. आपण त्याला हाक मारतो, पुन्हा मारतो, शक्ती पुरेशी असते, वेळ बरोबर असते, अँटेना चंद्रावर रोखलेली असते, तरीही ते केंद्र आपल्याकडे ढुंकून न पाहता इतरांना हाका मारत राहते. नवख्याला वाटते की समोरचा माणूस आढ्यतेखोर आहे. प्रत्यक्षात त्याला आपण ऐकूच येत नसतो, आणि तेही वाट तीच, चंद्र तोच, अंतर तेच असताना. जिथून येता येते तिथे जाताही यावे, या आपल्या सहजबुद्धीला इथे धक्का बसतो.

त्याचे कारण समजायला ध्रुवीकरण म्हणजे काय ते आठवावे लागेल. यागीचे दांडे आडवे असतील, तर तिच्यातून निघालेल्या लहरीचे विद्युत क्षेत्र आडव्या प्रतलात आंदोलन करते आणि तशाच आडव्या अँटेनेला ती लहर पूर्णपणे मिळते. लहर ४५ अंशांनी वळलेली आली तर निम्मी शक्ती मिळते, आणि नव्वद अंशांनी वळलेली आली तर तत्त्वतः काहीच नाही. आता अशी सरळ आंदोलणारी लहर ही दोन गोल फिरणाऱ्या लहरींची बेरीज मानता येते, एक उजवीकडे फिरणारी आणि दुसरी डावीकडे. वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबरात मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्यांना गिरकी घेण्याची एक ठरावीक दिशा मिळालेली असते. ज्या गोल लहरीचे फिरणे या गिरकीशी जुळते ती आणि जिचे विरुद्ध असते ती, या दोघींचा वेग त्या थरात किंचित वेगळा पडतो. थरातून बाहेर पडताना एक दुसरीच्या थोडी मागे राहिलेली असते आणि दोघींची बेरीज केली तर सरळ लहरच मिळते, पण तिचे प्रतल मूळच्या दिशेपासून वळलेले असते. याला फॅरडे परिभ्रमण म्हणतात.

साखरेच्या द्रावणातून जाणाऱ्या प्रकाशाचे प्रतलही वळते हे शाळेत शिकलेले असते. पण तिथे आरसा ठेवून प्रकाश त्याच द्रावणातून परत पाठवला, तर वळण सुटून जाते, कारण साखरेचे रेणू ‘प्रकाश ज्या दिशेने चालला आहे’ त्या दिशेच्या संदर्भात त्याला वळवतात. आयनांबरात वळवण्याची दिशा ठरते ती चुंबकीय क्षेत्रावरून, आणि ते क्षेत्र लहर जाते आहे की येते आहे हे विचारत नाही. त्यामुळे जाताना पडलेला पीळ येताना उलगडत नाही, उलट दुप्पट होतो. हा पीळ वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १४४ मेगाहर्ट्झवर दिवसा तो कित्येक पूर्ण फेऱ्यांचा असू शकतो, ४३२ वर त्याच्या एक नवमांश, आणि १२९६ वर एक्याऐंशीवा भाग, म्हणजे काही अंशांपुरता.

आता त्यात दुसरी गोष्ट मिसळा. पृथ्वी गोल आहे, म्हणून दोन दूरच्या केंद्रांची ‘आडवी’ दिशा अवकाशात एकच नसते. समजा, चंद्रावरून पाहिले असता दोघांच्या आडव्या दिशांमध्ये ४५ अंशांचा कोन आहे, आणि त्या घटकेला, पूर्ण फेरे सोडून दिले तर, एकूण फॅरडे पीळही ४५ अंशांचा आहे. पहिल्या केंद्राकडून दुसऱ्याकडे जाताना भौमितिक कोन आणि पीळ एकाच बाजूचे असल्यामुळे त्यांची बेरीज होते : ४५ अधिक ४५, नव्वद. दुसऱ्याला शून्य ऐकू येते. उलट दिशेने भौमितिक कोनाचे चिन्ह बदलते, पण पिळाचे बदलत नाही, म्हणून वजाबाकी होते : ४५ उणे ४५, शून्य. पहिल्याला खणखणीत ऐकू येते. आयनांबर नसते, किंवा दोन्ही केंद्रे शेजारी असती, तर हा एकतर्फीपणा उद्भवला नसता. दोन अगदी निरुपद्रवी कोन एकत्र आल्यामुळे चंद्र जणू एका बाजूनेच उघडणारे दार होतो.

उपाय तीन आहेत. पहिला, वाट पाहणे. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची संख्या ऊन चढते-उतरते तशी बदलत जाते, पीळ हळूहळू सरकतो आणि कधी वीस मिनिटांत, कधी तासाभराने दार दुसऱ्या बाजूने उघडते. दुसरा, एकाच दांड्यावर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही यागी बसवणे, दोन्हींचे संकेत स्वतंत्रपणे संगणकात घेणे आणि प्रत्येक संकेतासाठी योग्य कोन गणिताने शोधणे. ‘मॅप६५’ ही आज्ञावली नेमके हेच करते. तिसरा, १२९६ मेगाहर्ट्झ आणि त्याच्या वरच्या काही पट्ट्यांवर वापरतात तसे गोल ध्रुवीकरण, ज्यात प्रतलाचा प्रश्नच उरत नाही. फक्त चंद्रावरून परावर्तित होताना उजवी लहर डावी होते, म्हणून प्रक्षेपणासाठी उजवी आणि ग्रहणासाठी डावी अशी मांडणी करावी लागते. हे विसरून दोन्हीकडे एकच बाजू जोडणाऱ्याला स्वतःचा प्रतिध्वनी जवळजवळ ऐकू येत नाही आणि तो बिचारा केबल तपासत बसतो.

पूर्वी हे सारे मोर्सच्या संकेतांत, कानांनी होत असे, आणि वरच्या पट्ट्यांवर आजही पुष्कळ होते. खालच्या पट्ट्यांवर मात्र चित्र बदलले ते जो टेलर यांच्यामुळे. द्वैती पल्सारच्या शोधासाठी १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले हे खगोलशास्त्रज्ञ स्वतः हौशी रेडिओचालकही आहेत. क्षीण संकेत गोंगाटातून उपसण्याची विद्या त्यांनी जेटी६५ आणि पुढे क्यू६५ या पद्धतींत आणली. एक मिनिटाच्या पाळीत छोटासा संदेश ६५ स्वरांच्या साहाय्याने, चुका दुरुस्त करणाऱ्या सांकेतिक रचनेत बांधून पाठवला जातो आणि कानाला ज्याचा मागमूसही लागत नाही तो संगणक वाचतो. अट एवढीच की दोन्हीकडची घड्याळे एका सेकंदाच्या आत जुळलेली असावीत. यंत्राने खेळातली मजा घालवली अशी तक्रार जुने लोक करतात. पण ज्याच्या छपरावर एकच यागी मावते, त्याला चंद्राची दारे उघडी झाली ती यामुळेच, हे त्यांनाही नाकारता येत नाही. अशा छोट्या केंद्राला चंद्रोदय आणि चंद्रास्ताच्या घटका विशेष मोलाच्या, कारण त्या वेळी जमिनीवरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीत मिळून सपाट मोकळ्या परिसरात चार पटींपर्यंत लाभ देऊ शकते.

स्पर्धेच्या तारखा ठरवताना चंद्राचे अंतर पाहतात, तसेच त्याच्या मागे आकाशाचा कोणता भाग आहे हेही पाहतात. चंद्र धनु राशीत, मूळ नक्षत्राच्या आसपास असतो तेव्हा त्याच्या पाठीमागे आपल्या आकाशगंगेचा मध्यभाग येतो आणि १४४ मेगाहर्ट्झवर तिथला गोंगाट हजारो केल्विनपर्यंत चढतो. ‘चंद्र धनूत आहे, आज काम होणार नाही’ असे म्हणणारा रेडिओचालक तुम्हाला भेटला, तर त्याला पत्रिका दाखवायला जाऊ नका. तो गोंगाटाबद्दल बोलतो आहे, नशिबाबद्दल नाही, आणि त्याचे विधान मापकावर तपासून पाहता येते.

प्रत्यक्ष स्पर्धेत ४८ तासांपैकी साधारण निम्माच वेळ चंद्र क्षितिजाच्या वर असतो, आणि एखाद्या दूरच्या खंडाशी सामाईक वेळ कधी कधी तासाभराचीच मिळते. त्यामुळे कोणत्या घटकेला कोणत्या दिशेच्या केंद्रांना चंद्र दिसतो आहे याचा तक्ता आधीच भिंतीवर लावलेला बरा. संपर्क पूर्ण समजला जातो तो दोघांनी एकमेकांची कॉलसाइन (केंद्राचे ओळखचिन्ह), संकेताचा अहवाल आणि शेवटची पोच, असे सारे चंद्रामार्गेच मिळवल्यावर. मिनिटामिनिटाच्या पाळ्यांत, काही गडबड झाली नाही, तर पाच-सहा मिनिटे लागतात. गडबड होते ती बहुधा शेवटी. अहवाल पोहोचलेला असतो, पोच यायची असते, तेवढ्यात पीळ नव्वद अंशांकडे सरकतो किंवा चंद्र झाडांआड जातो. समोरच्याने पोच पाठवली होती हे नंतर दोघांनाही ठाऊक होते, तरी वहीत त्या ओळीपुढे गुण लिहिता येत नाहीत.