प्रकाशाने उचललेलं लोखंड

‘नासाने सूर्याचा आवाज रेकॉर्ड केला आणि तो ॐ निघाला’ हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. नासाला असं काही सापडलेलं नाही. सूर्य थरथरतो हे मात्र खरं. त्या थरथरीची लय साधारण पाच मिनिटांची आहे. आपल्या कानाला ती ऐकूच येणार नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाची नोंद सुमारे 42 हजार पट वेगाने वाजवून दाखवली होती. ही खरी गोष्टच इतकी विलक्षण आहे की तिला खोट्याची जोड देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

थरथरणाऱ्या ताऱ्यांमध्ये माझे सर्वात लाडके आहेत उष्ण उपबटू. सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगून तांबडा राक्षसी तारा होतो. काहींच्या बाबतीत नेमकं याच वेळी, बहुधा जोडीदार ताऱ्यामुळे, बाहेरचं जवळजवळ सगळं हायड्रोजन निघून जातं. मागे राहतो हेलियम जाळणारा गाभा आणि त्यावर कांद्याच्या पापुद्र्याएवढा हायड्रोजनचा थर. वस्तुमान सूर्याच्या निम्म्याच्या जरा आत, पृष्ठभाग 20 ते 40 हजार केल्विन, रंग निळा.

1996 मध्ये खगोलशास्त्रज्ञ स्टेफान शार्पिने आणि कॅनडातल्या माँट्रियलच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडलं की यातले काही तारे स्पंदन पावत असले पाहिजेत. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत डेव्हिड किलकेनी आणि सहकाऱ्यांना वासुकी तारकासमूहातला एक उपबटू दर 144 सेकंदांनी साधारण एक टक्क्याने उजळताना आणि मंदावताना दिसला. दोन्ही कामं एकमेकांपासून स्वतंत्र होती.

त्या गणिताच्या मुळाशी होतं लोखंड. लोखंड जड, तेव्हा ते पाण्यात टाकलेल्या खिळ्यासारखं ताऱ्याच्या तळाशी जाईल असंच कुणालाही वाटेल. पण आतून बाहेर येणारा प्रकाश वाटेत भेटेल त्या अणूला ढकलत असतो. खोलवरच्या उष्णतेत हायड्रोजन आणि हेलियम आपले इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतात, त्यामुळे त्यांना हा धक्का फारसा लागत नाही. लोखंडाच्या अणूकडे मात्र तिथेही बरेच इलेक्ट्रॉन शिल्लक असतात. ते असंख्य तरंगलांबींचा प्रकाश शोषतात आणि दर वेळी अणूला वर रेटा बसतो. गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, प्रकाश वर रेटतो, आणि सुमारे 2 लाख केल्विनच्या आसपासच्या थरात लोखंड साठत जातं. साठा वाढला की तोच प्रकाश जास्त अणूंमध्ये वाटला जातो, प्रत्येकाच्या वाट्याचा धक्का कमी होतो आणि साठा एका मर्यादेवर थांबतो.

आता भाताच्या पातेल्यावरचं झाकण आठवा. वाफ कोंडते, झाकण उचललं जातं, वाफ सुटते, झाकण खाली बसतं, की पुन्हा वाफ कोंडते. लोखंडाचा थर हेच करतो. दाबला गेला की तो जास्त अपारदर्शक होतो, उष्णता अडते, थर वर ढकलला जातो, पसरतो, अडलेली उष्णता सुटते, थर परत खाली येतो. हा ठोका ताऱ्याच्या स्वतःच्या लयीशी जुळला की सगळा तारा थरथरू लागतो. प्रकाशाने लोखंड उचललं नसतं, तर हे तारे शांतच राहिले असते.

थरथर दोन तऱ्हेची असते. मिनिटांची लय असते ती दाबलहरींची, ध्वनीसारखी. पाऊण ते दोन तासांची लय असते ती गुरुत्वलहरींची. (आइन्स्टाइनच्या गुरुत्वीय लहरी वेगळ्या. इथे वायू पाण्यातल्या बुचासारखा खालीवर होत असतो.) या दुसऱ्या लहरी गाभ्याच्या जवळ पोचतात. त्यांचे आवर्तकाल (एका थरथरीला लागणारा वेळ) बहुतेकदा साधारण 250 सेकंदांच्या समान अंतराने मांडलेले आढळतात आणि त्या अंतरावरून गाभ्याच्या रचनेचा अंदाज बांधता येतो.

जमिनीवरून हे मोजताना दिवस उजाडला की नोंद तुटते. म्हणून केपलर आणि 2018 मध्ये गेलेली टेस या अवकाशातल्या दुर्बिणींचं मोल मोठं. टेस आकाशाच्या एका पट्ट्याकडे सुमारे 27 दिवस बघत राहते. पण सुरुवातीला तिची निवडक ताऱ्यांचीसुद्धा नोंद दर दोन मिनिटांचा प्रकाश एकत्र करून व्हायची. 144 सेकंदांच्या चक्रातली 120 सेकंदं एकाच बेरजेत गेली, की चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. तोही फसवा. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तशी ही लय 12 मिनिटांची भासते! जुलै 2020 पासून निवडक ताऱ्यांची नोंद दर 20 सेकंदांनी होऊ लागली आणि हे चढउतार जवळजवळ पूर्ण दिसू लागले.

निवडायचे कुठले, हे ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजमापांनी सोपं केलं. रंग आणि अंतर यांवरून 2019 मध्ये 39,800 संभाव्य उपबटूंची यादी तयार झाली. टेसचा एक पिक्सेल मात्र 21 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग), म्हणजे शेजारचे दोन-तीन तारे सहज त्यात मावतात. त्यामुळे स्पंदन सापडलं की आधी तपासावं लागतं ते नेमकं कुणाचं आहे. आणि योग्य तापमानाचे उपबटू तपासले तरी मिनिटांच्या लयीत थरथरणारा साधारण दहातला एकच निघतो. उरलेल्या नऊ जणांत लोखंडाचं काय होतं, हे कोडं अजून सुटलेलं नाही.