शहरातलं छोटं दारूचं दुकान आलं कुठून?

शहराच्या मध्यवस्तीतल्या छोट्या दारूच्या दुकानात खरेदी करणं आज अगदी साधं काम आहे. घरी जाताना आत शिरायचं, फळीवरच्या बाटल्या निरखायच्या, हवी ती उचलायची, पैसे द्यायचे आणि निघायचं. पाच मिनिटांच्या या व्यवहारातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या देशात कधीतरी बेकायदा होती, नाहीतर शक्यच नव्हती. गिऱ्हाइकावर किती विश्वास टाकायचा, याची सरकारांनी दिलेली उत्तरं बदलत गेली आणि त्यातून हे दुकान घडत गेलं.

सुरुवातीला दारू विकण्याची आणि पिण्याची जागा एकच असे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये मेणबत्त्या, साबण, कोळसा विकणारा किरकोळ दुकानदारही जिन विकायचा आणि गिऱ्हाईक तिथेच उभ्याउभ्या ती पिऊन टाकायचं. या जिनने गरीब वस्त्यांची जी दैना केली ती पाहून संसदेने १७३६ साली किरकोळ विक्रीसाठी वर्षाला ५० पौंडांचा परवाना सक्तीचा केला. छोट्या विक्रेत्याच्या आवाक्यापलीकडची ही रक्कम होती. परवाने घ्यायला कुणी फारसं पुढे आलं नाही, चोरटी विक्री मात्र फोफावली आणि १७४३ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. १७५१ चा कायदा जास्त शहाणपणाचा होता. परवाना नसलेल्या दुकानदाराला जिन पुरवायला त्याने उत्पादकांनाच मनाई केली. दारूबद्दलची पुढची बरीच धोरणं या दोन कायद्यांच्या मधे कुठेतरी घोटाळत राहिलेली दिसतात.

विक्री आणि पिणं यांची कागदोपत्री फारकत व्हायला मात्र एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. इंग्लंडमध्ये १८३० च्या कायद्याने किरकोळ फी भरून बिअर विकण्याची मुभा दिली आणि बिअरची दुकानं भराभर उघडली. मग १८३४ मध्ये दुरुस्ती झाली. जागेवर पिण्यासाठी विक्री आणि बाहेर नेण्यासाठी विक्री, असे दोन वेगळे परवाने आले. आजच्या दारूच्या दुकानाची मुळं मला या रुक्ष दिसणाऱ्या दुरुस्तीतच दिसतात.

पण बाहेर न्यायची कशात, हा प्रश्न होताच. सतराव्या शतकात वाइन पिंपातून येई. काचेच्या बाटल्या तोंडाने फुंकून बनवत, त्यामुळे दोन बाटल्यांचं माप एकसारखं असण्याची खात्री नसे. ऐपतदार माणसं स्वतःच्या बाटल्या घडवून घेत आणि वाइनवाल्याकडून त्या भरून घेत. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने ऑक्टोबर १६६३ मध्ये नोंद केली आहे की, आपलं कुलचिन्ह असलेल्या नव्या बाटल्यांत वाइन भरताना त्याने पाहिलं. साध्या माणसाच्या नशिबी असं काही नव्हतं. पुढे अमेरिकेतल्या कामगार वस्त्यांत तर घरातली बाई किंवा पोर डबा घेऊन जवळच्या सलूनमध्ये, म्हणजे तिथल्या दारूच्या गुत्त्यात जाई आणि बिअर भरून आणी. लहान मुलांना असं गुत्त्याच्या दारात उभं राहावं लागे, हा सलूनविरोधकांच्या संतापाचा एक मोठा विषय होता आणि तो संताप रास्त होता.

सीलबंद बाटलीने हे चित्र पालटलं. अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरातल्या जॉर्ज गार्विन ब्राउनने १८७० मध्ये ओल्ड फॉरेस्टर ही बर्बन व्हिस्की फक्त सीलबंद बाटलीतून विकायला काढली. तोवर व्हिस्की पिंपातून ओतून मिळे, आणि पिंप ते पेला या प्रवासात तिच्यात काय काय मिसळलं जाईल याचा नेम नसे. १८९२ मध्ये विल्यम पेंटरने बिअरच्या बाटलीला घट्ट बसणाऱ्या दातेरी पत्र्याच्या बुचाचं पेटंट घेतलं. १९०३ च्या सुमारास मायकेल ओवेन्सने बाटल्या आपोआप घडवणारं यंत्र चालू करून दाखवलं. काच स्वस्त झाली, मापात आली. ओतून देणारा मधला हात निघून गेल्यामुळे दुकानदाराला फळीवर माल मांडता येऊ लागला आणि गिऱ्हाइकाला लेबल वाचून ठरवता येऊ लागलं.

ब्रिटनमध्ये या दुकानदारीला वेग दिला तो ग्लॅडस्टन यांनी. अर्थमंत्री असताना १८६० मध्ये त्यांनी फ्रेंच वाइनवरची जकात बरीच उतरवली आणि साध्या दुकानदारांनाही बाटलीबंद वाइन विकण्याची वाट मोकळी केली. गिल्बी बंधूंच्या वाइन विकणाऱ्या कंपनीने गावोगावचे वाणी एजंट म्हणून नेमले. १८६५ मध्ये विल्यम विंच ह्यूजने लंडनमध्ये व्हिक्टोरिया वाइन ही दुकानांची साखळी सुरू केली आणि १८८६ मध्ये तो वारला तेव्हा तिची जवळपास शंभर दुकानं होती. गुत्त्याची पायरी ज्यांना चढायची नव्हती, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय होती.

अमेरिकेत गोष्ट उलट्या दिशेने गेली. तिथे बहुतेक सलून बिअर कंपन्यांच्या मालकीचे किंवा त्यांच्या पैशांवर चालणारे होते, त्यामुळे जास्तीत जास्त पाजण्यातच त्यांचं हित होतं. १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी आली. त्या काळातही डॉक्टरची चिठ्ठी दाखवली की औषधाच्या दुकानात व्हिस्की कायदेशीरपणे मिळे! ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली, तेव्हा जुना सलून परत येऊ द्यायचा नाही यावर बहुतेकांचं एकमत होतं. उत्पादक, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार हे तीन वेगळे असावेत, असा नियम बऱ्याच राज्यांनी केला. न्यूयॉर्क राज्याने तर एका मालकाला एकाच दारूच्या दुकानाचा परवाना, असं बंधन घातलं. अशा नियमांच्या आडोशानेच तिथलं एकट्या मालकाचं छोटं दुकान टिकलं.

काही राज्यांनी विक्री स्वतःच्याच हातात घेतली. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर गिफर्ड पिंचो यांची इच्छा होती की दारू विकत घेणं होईल तितकं गैरसोयीचं आणि महाग असावं. त्यांची सरकारी दुकानं जानेवारी १९३४ मध्ये उघडली. कॅनडातल्या ऑन्टारियोत १९२७ पासून असाच कारभार होता. आधी परवाना पुस्तिका काढायची, दुकानात चिठ्ठीवर नाव-पत्ता लिहायचा, मग कर्मचारी आतून बाटली आणून कागदात गुंडाळून देणार. बाटल्या मांडलेल्या दिसायच्याच नाहीत. स्वीडनमध्ये डॉक्टर इव्हान ब्राट यांच्या योजनेनुसार पुस्तिकेवर माणशी दारूचं रेशन मिळे आणि ते ठरवताना उत्पन्न, समाजातलं स्थान, बाई की पुरुष हेही पाहिलं जाई. १९५५ पर्यंत हे चाललं. दारूचे दुष्परिणाम खरे आहेत आणि या योजनांमागची कळकळही खरी होती. तरीही सज्ञान माणसाने एका बाटलीसाठी आपला हिशेब कारकुनापुढे मांडायचा, हे मला अपमानाचंच वाटतं.

हा पडदा हळूहळू उठला. ऑन्टारियोत १९६२ मध्ये पुस्तिका गेली आणि १९६९ मध्ये पहिलं स्वतः बाटली उचलून घेण्याचं दुकान उघडलं. स्वीडनच्या सरकारी दुकानांत त्यासाठी १९९० चं दशक उजाडलं.

तोवर छोट्या दुकानापुढे नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला होता. ब्रिटनमध्ये १९६१ च्या कायद्याने बाहेर नेण्याची दारू दुकानांच्या नेहमीच्या वेळेत दिवसभर विकण्याची मुभा दिली आणि सुपरमार्केटांनी ती संधी साधली. महिन्याच्या किराण्याबरोबरच वाइन घरी येऊ लागली. थ्रेशर ही दारूच्या दुकानांची मोठी साखळी २००९ मध्ये बुडाली.

जपानमध्ये हीच कहाणी वेगळ्या वळणाने गेली. तिथे दोन दुकानांत ठरावीक अंतर हवं आणि लोकसंख्येच्या मानानेच परवाने मिळतील, असं बंधन असल्यामुळे परवाना हातात असलेलं गल्लीतलं दुकान मोलाचं होतं. सेव्हन-इलेव्हन या रोजच्या वस्तूंच्या छोट्या दुकानांच्या साखळीने मे १९७४ मध्ये टोकियोच्या तोयोसू भागात जपानमधलं आपलं पहिलं दुकान उघडलं, तेही एका कुटुंबाच्या दारूच्या दुकानाचं रूपांतर करून. पुढे अशी कितीतरी दुकानं त्याच वाटेने गेली. २००३ पर्यंत ती बंधनं उठली, तेव्हा परवान्याच्या बळावर तगलेल्या उरलेल्या दुकानदारांना नवं काहीतरी शोधणं भाग पडलं. कुणी छोट्या भट्ट्यांची, सुपरमार्केटात न मिळणारी साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, ठेवू लागलं. कुणी दुकानातच एका कडेला उभं राहून पेलाभर पिऊ देण्याची जुनी पद्धत जपली आणि गिऱ्हाईक राखलं.