मांजर नखरे करतंय की त्याला मळमळतंय?

किडनीचं दुखणं निघालेलं मांजर नवीन 'रीनल' खाणं, म्हणजे किडनीच्या आजारासाठी बनवलेलं पथ्याचं खाणं, हुंगतं, मान फिरवतं आणि निघून जातं. आमच्या कोल्हापुरात यावरचं निदान आणि उपचार एकाच दमात मिळतात: "लई नखरं हाईत तिची. उपाशी ठेव, खातंय बघ आपोआप." शेजारच्या काकूंनी सांगितलं, मंडईतल्या मासेवालीने सांगितलं, माझ्या सख्ख्या भावानेही सांगितलं. प्रत्येक वेळी माझा जीव खालीवर होतो. कारण खायला नको असणं आणि खाववत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला पहिली समजलं तर मांजर हातचं जाऊ शकतं.

नखरा काय असतो ते मांजर पाळणाऱ्याला सांगायला नको. कालपर्यंत आवडणारा पाऊच आज चालत नाही, ताटली बदलली तर चालत नाही, आणि मटण धुवायला घेतलं की सगळ्यांच्या आधी मोरीपाशी हजर. भूक शाबूत असते, हे खाणं तेवढं नको असतं. जुनं खाणं पुढ्यात ठेवलं की ताटली चाटूनपुसून साफ.

मळमळ मात्र ओळखू येत नाही. किडनीला रक्तातला कचरा बाहेर टाकणं जमेनासं झालं की तो रक्तात साठत जातो. त्याने पोटात ढवळतं, कधी तोंडात फोड येतात, श्वासाला उग्र वास येतो. आपण एकच खूण धरून बसतो, उलटी. उलटी नाही म्हणजे मळमळ नाही, असा हिशेब करतो आणि तिथेच फसतो. कितीतरी मांजरं एकदाही न ओकता दिवसच्या दिवस मळमळत बसतात.

माझी ठकी तेरा वर्षांची होती. रात्री ताटलीचा आवाज झाला तशी शेपटी वर करून स्वतःहून आली. ताटलीपासून चार बोटांवर नाक थांबलं. जिभेचं टोक ओठांवरून एकदा फिरलं, परत फिरलं. तोंडात काही नसताना तिने घोट गिळला. मग पुढच्या पंजाने शहाबादी फरशी खरवडली, ताटलीवर माती ओढावी तशी, आणि फ्रिजच्या कडेला जाऊन पाय पोटाखाली घेऊन, मान खाली घालून बसली. भूक लागली होती म्हणूनच ती आली होती. वास नाकात गेला आणि पोट उलटं फिरलं. मी दोन दिवस याला नखरा म्हणत होते.

नुसतं माती ओढणं हा पुरावा नाही, पोट भरलेलं मांजरही तसं करतं. ओठ चाटणं, रिकामे घोट, लाळ, आखडून बसणं आणि ताटलीपर्यंत येऊन परत फिरणं, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं की मळमळ धरा. खात्रीसाठी तिचं जुनं, लाडकं खाणं ठेवून बघा. नखरेल मांजर ते संपवतं. मळमळणारं धावत येतं, दोनदा चाटतं आणि थांबतं. म्हणून "चाटलं की जरासं" याला खाल्लं म्हणू नका, ताटलीत किती उरलं ते बघा. घास तोंडातून खाली पडत असेल किंवा मान वाकडी करून चावत असेल तर दातांचं दुखणं, ते डॉक्टर तोंड उघडून बघतील.

आता उपाशी ठेवण्याचं. हा न्याय धडधाकट कुत्र्याला एकवेळ चालतो, मांजराला नाही. मांजराचं खाणं तुटलं की अंगातली चरबी यकृताकडे धाव घेते, यकृताला ती पेलवत नाही आणि तेच चरबीने भरून निकामी व्हायला लागतं. दोन-तीन दिवसांचा उपासही त्याला पुरतो, आणि जाड मांजराला धोका जास्त. म्हणून 24 तास काहीच पोटात गेलं नाही तर दवाखाना, मग कारण काहीही असो.

आणि सगळ्यात मोठा घोळ पुढेच आहे. मळमळत असताना जे खाणं समोर येतं, त्याच्या वासाशी मांजर मळमळीची गाठ मारून टाकतं. औषधाने पोट शांत झालं तरी गाठ सुटत नाही. मग तेच मांजर बाकी सगळं खातं आणि रीनल तेवढं नाकारतं, म्हणजे दिसायला हुबेहूब नखरा! ठकीला सलाइन चालू असताना एका दवाखान्यात त्याच खाण्याची पेस्ट सिरिंजने तोंडात घातली गेली. चिकनचा तो पाऊच ती आजही हुंगत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सिरिंज हातात घेऊ नका, आणि गोळी तर रीनल खाण्यात कधीच लपवू नका.

म्हणून आधी पोट, मग पथ्य. मळमळ थांबवणारी आणि भूक आणणारी औषधं मांजरांसाठी आहेत, ती डॉक्टरांकडून घ्या. घरातल्या डब्यातली गोळी नको, पॅरासिटामॉलने मांजर मरतं. तोवर रीनल पूर्ण उचलून ठेवा आणि डॉक्टरांना विचारून तिला जे आवडतं ते खाऊ द्या. उपाशी किडनीपेक्षा साधं खाणं खाल्लेली किडनी बरी. चांगली खायला लागली की दुसऱ्या चवीचं, दुसऱ्या पोताचं रीनल आणा. चिकन विटलं असेल तर माशाचं, दाणे विटले असतील तर ओलं.

निव्वळ नखरा असेल तर काम सोपं, वेळ तेवढा लागतो. जुन्या खाण्याशेजारी वेगळ्या ताटलीत नवं चमचाभर ठेवा. तोंड लावलं की जुन्यात थोडं थोडं मिसळत तीन-चार आठवडे काढा. पाकिटावर सात दिवसांत खाणं बदला असं लिहिलेलं असतं, त्यावर माझा विश्वास नाही. ओल्या खाण्याची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, मांजराच्या अंगाइतकं, साधारण 38 अंश. वास उठला तरच ते खातं. ताटली पसरट घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे दाणे सादळतात, वास जातो, म्हणून लहान पाकीट आणा आणि घट्ट डब्यात ठेवा.

चव यावी म्हणून पांढऱ्या रश्श्याचे दोन थेंब घालणारी घरं मला माहीत आहेत. कृपा करून थांबा. त्यात कांदा-लसूण असतो, आणि त्याने मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात. सुकट-बोंबलात मीठ आणि फॉस्फरस, दुधातही फॉस्फरस, आणि रीनल खाण्याचा खटाटोप मुख्यतः फॉस्फरस कमी ठेवण्यासाठी असतो. फारतर मीठ-मसाला न घालता उकडलेल्या चिकनचं चमचाभर पाणी.

पाकिटावर 'रीनल' लिहिलंय ना, तेही वाचा. 'युरिनरी' हे मुतखड्याचं खाणं, किडनीचं नव्हे. दुकानात बदली म्हणून देतात, घेऊ नका.

दर रविवारी मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, आपलं वजन वजा करा आणि कॅलेंडरवर लिहा. डॉक्टरांना फोन कराल तेव्हा "नखरे करतंय" एवढंच सांगू नका. ताटलीपर्यंत आलं का, ओठ चाटले का, जुनं खाणं संपवलं का, शेवटचा पोटभर घास कधी गेला आणि काटा काय म्हणतो, हे सांगा.