‘दि’ आधी, राजा नंतर

काश्मीरच्या दिद्दा राणीचं नाव निघालं की ‘चेटकीण राणी’ हा मथळा ठरलेला. तिने नातवांना जादूटोण्याने संपवलं असं कल्हणाच्या राजतरंगिणीत, म्हणजे काश्मीरच्या राजांच्या इतिहासकाव्यात, आहे खरं. पण तो ग्रंथ ११४८-५० चा आणि दिद्दा वारली १००३ मध्ये. शिवाय मूठ मारून माणूस मरत नाही, हे काय आता नव्याने सांगायचं?

मला पोथीपेक्षा तांब्याचं एक नाणं जास्त बोलकं वाटतं. तिचा नवरा क्षेमगुप्त (९५०-९५८) याच्या नाण्यांवर शारदा या काश्मीरच्या जुन्या लिपीत ‘दि क्षेम’ अशी अक्षरं आहेत. ‘दि’ म्हणजे दिद्दा. नवऱ्याच्या हयातीतच, त्याच्याच नाण्यावर, त्याच्या नावाआधी! असली अक्षरं ठसा कोरणारा कारागीर मनाने घालत नसतो. टाकसाळीवर हुकूम कोणाचा चालतो ते इथे दिसतं.

पण नाण्यावर सन नसेल तर आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं हे कसं कळतं? तेही ठसाच सांगतो. नाणं पाडायला दोन ठसे लागत. खालचा ऐरणीत पक्का बसवलेला, वरचा हातात धरलेला. मध्ये धातूची चकती आणि वरून घणाचा घाव. ठशावर अक्षरं उलटी आणि खोल, म्हणून नाण्यावर सुलटी आणि उठावाची. घाव सोसणारा वरचा ठसा सहसा आधी झिजतो, तडकतो. तो बदलला तरी खालचा चालूच. समजा खालच्या ‘क’वर आधी वरचा १ वापरला, मग २. पुढे ‘क’ फुटला, ‘ख’ आला, पण २ टिकून होता. झाली साखळी: क-१, क-२, ख-२. साखळीची सुरुवात कुठली? ‘क’ची तडा गेलेली रेघ ज्या नाण्यावर लांब, ते नंतरचं. सन नसलेली नाणी अशी क्रमाने लावता येतात. (मलाही हे दोनदा वाचावं लागलं होतं.)

नवऱ्यामागे दिद्दाने आधी मुलाच्या, मग तीन नातवांच्या नावाने कारभार केला आणि ९८० च्या सुमारास स्वतःच गादीवर बसली. नाण्यावर आता ‘श्री दिद्दा’. छाप मात्र कुषाणांपासून चालत आलेली, एकीकडे उभा राजा, दुसरीकडे बसलेली देवी. बाजारात नाणं ओळखीचं वाटायला हवं ना!

बाकी डावपेच रोकडे होते. पूंछकडचा गुराखी तुंग याला तिने मंत्रिपदापर्यंत चढवलं, विरोधात उपोषणाला बसलेल्या ब्राह्मणांना सोनं देऊन उठवलं, आणि वारस नेमला तो भाचा संग्रामराज. सासरची गादी अशी माहेरच्या लोहर घराण्याकडे गेली. त्याच्या नाण्यांवरही तोच उभा राजा, तीच बसलेली देवी.