साठच्या दशकातील अमेरिका : सामाजिक व सांस्कृतिक परिवर्तन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे १९६० ते १९७० या काळात वंशसंबंध, स्त्री-पुरुषांचे परस्परांतील स्थान, विद्यापीठांतील जीवन, युद्धाविषयीची लोकभावना आणि कलाभिरुची यांत जे दूरगामी बदल घडले, त्यांना एकत्रितपणे ‘साठच्या दशकातील परिवर्तन’ असे म्हटले जाते. दशकाची ही चौकट सोयीपुरतीच मानावी. कारण शाळांमधील वंशविभाजन घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा, अलाबामा राज्यातील मंटगमेरीत बसमधील वंशविभाजनाविरुद्ध झालेला बसबहिष्कार १९५५–५६ चा, आणि स्त्रियांच्या चळवळीची बरीचशी फळे तर १९७० नंतर हाती आली. लांब केस, गिटार आणि फुलांच्या माळा ही या काळाची चित्रे लोकांच्या स्मरणात राहिली. टिकाऊ बदल मात्र रोजच्या साध्या व्यवहारांत झाला : दुकानातल्या कोणत्या खुर्चीवर बसून कोणी कॉफी प्यावी, नोकरीच्या कोणत्या जाहिरातीला कोणी अर्ज करावा, वसतिगृहात रात्री किती वाजता परतावे आणि लग्न कोणाशी करावे.

या बदलांना भौतिक पाया होता. १९४६ ते १९६४ या काळात देशात सुमारे ७ कोटी ६० लाख मुले जन्मली आणि त्यांतील पहिली तुकडी १९६४ च्या सुमारास महाविद्यालयांच्या दारात येऊन उभी राहिली. उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या १९६० मधील सुमारे ३६ लाखांवरून १९७० पर्यंत ८० लाखांच्या वर गेली. दहांपैकी जवळजवळ नऊ घरांत दूरचित्रवाणी संच होता. दक्षिणेतल्या एखाद्या गावात पोलिसांनी केलेला लाठीमार त्याच संध्याकाळी न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात दिसू लागला, ही गोष्ट चळवळींच्या नेत्यांनी फार लवकर ओळखली.

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मकेन आणि जोसेफ मॅकनील हे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात गेले. तेथे किरकोळ खरेदी करून त्यांनी पावत्या जपून ठेवल्या आणि केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. दुकान आमचे पैसे घेते, मग कॉफी का देत नाही, या प्रश्नाला त्या पावत्या हाच पुरावा होता. कॉफी मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत चौघे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी वीसहून अधिक विद्यार्थी आले, आठवडा संपेपर्यंत ही संख्या शेकड्यांत गेली आणि काही आठवड्यांत दक्षिणेतील अनेक शहरांत असे ठिय्ये सुरू झाले. २५ जुलै रोजी तो काउंटर सर्वांना खुला झाला, तेव्हा तेथे सर्वप्रथम जेवण वाढले गेले ते त्याच दुकानातील कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना.

टेनेसी राज्यातील नॅशव्हिलचे ठिय्ये अधिक शिस्तबद्ध होते, आणि त्या शिस्तीचा एक धागा नागपूरपर्यंत येतो. कोरियन युद्धाच्या वेळी लष्करभरती नाकारल्याबद्दल तुरुंगवास भोगलेले जेम्स लॉसन हे मेथडिस्ट मिशनरी म्हणून १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते (नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते). तेथे त्यांनी गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला, आणि मंटगमेरीच्या बसबहिष्काराची बातमीही त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. मायदेशी परतल्यावर त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली आणि किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेत आले. नॅशव्हिलमध्ये एका चर्चच्या तळघरात त्यांनी डायन नॅश, जॉन लुइस आदी विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. या वर्गांत अक्षरशः तालीम होई. काही विद्यार्थी काउंटरवर बसल्याचे सोंग घेत. बाकीचे गुंड बनून त्यांचे केस ओढत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, शिव्या देत आणि खुर्चीवरून खाली लोटत. उलट हात उचलायचा नाही, शिवीला शिवी द्यायची नाही, ताठ बसायचे आणि तोंड काउंटरकडेच ठेवायचे, असे नियम पुढे कागदावर उतरवून सत्याग्रहींना वाटण्यात आले. १३ फेब्रुवारीपासून हे विद्यार्थी नीटनेटक्या पोशाखात काउंटरवर जाऊन पुस्तके उघडून बसू लागले. १० मे रोजी शहरातील काउंटर खुले झाले. दरम्यान व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले होते. गांधींचा प्रभाव किंग यांच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. पण हा विचार अंगवळणी पाडण्याचे कष्टाचे काम लॉसन यांनी केले, आणि त्यांचे नाव महाराष्ट्रात आजही फारसे परिचित नाही.

यानंतरचा कायद्याचा प्रवास वेगाने झाला. १९६३ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम येथे शाळकरी मुलांवर सोडलेले पोलिसी कुत्रे आणि अग्निशामक दलाच्या पाण्याचे फवारे देशाने पडद्यावर पाहिले. २८ ऑगस्ट रोजी नागरी हक्कांच्या मागणीसाठी सुमारे अडीच लाख लोक वॉशिंग्टनमध्ये जमले. २ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक जागा व नोकऱ्यांमधील भेदभावास बंदी केली. अलाबामातील सेल्मा येथील पुलावर ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी केलेल्या हल्ल्यानंतर त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. त्याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो : मिसिसिपी राज्यात मतदारयादीत नाव असलेल्या कृष्णवर्णीय प्रौढांचे प्रमाण १९६४ मध्ये ७ टक्क्यांहूनही कमी होते, ते १९६७ पर्यंत जवळजवळ ६० टक्क्यांवर गेले.

उत्तरेकडील शहरांचे दुखणे मात्र वेगळे होते. तेथे काउंटर खुले होते. पण घर, नोकरी आणि पोलिसांची वागणूक यांत भेदभाव मुरलेला होता. मतदान हक्क कायद्यावर सही होऊन पाच दिवस होतात न होतात तोच लॉस अँजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळली आणि तीत ३४ जण मरण पावले. ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन व बॉबी सील यांनी ओकलंड येथे ‘ब्लॅक पँथर’ पक्ष स्थापन केला. काळी जाकिटे आणि बंदुका यांमुळे तो गाजला. तथापि जानेवारी १९६९ पासून शाळकरी मुलांना सकाळी मोफत न्याहारी देण्याचा त्याचा उपक्रम वस्त्यांना अधिक जवळचा वाटला. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी स्थापलेल्या ‘दलित पँथर’ने आपले नाव याच पक्षावरून घेतले. नाव आणि आवेश तिकडचा असला, तरी तिची वैचारिक मुळे आंबेडकरी चळवळीत होती, हे विसरता येत नाही.

विद्यापीठांतील असंतोष हा नागरी हक्क चळवळीचाच एक फाटा होता. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत मतदार नोंदणीचे काम करून आलेल्या मारिओ सॅव्हिओसारख्या विद्यार्थ्यांना बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारात साधी पत्रके वाटायला आणि निधी गोळा करायला मनाई झाली. १ ऑक्टोबरला एका कार्यकर्त्याला पकडून पोलिसांनी गाडीत बसवताच विद्यार्थ्यांनी त्या गाडीभोवती फतकल मारली आणि सुमारे ३२ तास ती जागची हलू दिली नाही. तिच्या टपावर चढून भाषण करण्यापूर्वी सॅव्हिओने गाडीला इजा होऊ नये म्हणून पायांतले बूट काढून ठेवले होते. पुढच्या वर्षांत आंदोलनांतून ही अदब ओसरत गेली. विद्यापीठाने पालकाच्या भूमिकेतून मुलींवर घातलेली रात्री परतण्याच्या वेळेची बंधने मात्र याच रेट्यात दशकअखेर बहुतेक ठिकाणी सैल झाली.

व्हिएतनाम युद्धाने हा असंतोष घरोघर नेला. १९६९ मध्ये तेथे पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. सक्तीच्या भरतीतून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सवलत मिळे, त्यामुळे युद्धाचा भार कामगारवस्त्यांतील गोऱ्या आणि काळ्या मुलांवर अधिक पडे. १ डिसेंबर १९६९ रोजी भरतीचा क्रम जन्मतारखांच्या सोडतीने ठरविण्याची पद्धत आली, त्यामागे हे एक कारण होते. काचेच्या बरणीत जन्मतारखांच्या ३६६ निळ्या कुप्या ठेवून त्या एकेक करून काढण्यात आल्या आणि हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर.

स्त्रियांच्या आयुष्यातील बदल कमी गाजावाजाने झाला, पण तो बहुधा सर्वांत खोलवर गेला. १९६० मध्ये गर्भनिरोधक गोळीला सरकारी मान्यता मिळाली. तरी विवाहित जोडप्यांना गर्भनिरोधके वापरण्यास बंदी करणारा कनेक्टिकट राज्याचा कायदा रद्द होण्यास १९६५ साल उजाडावे लागले, आणि अविवाहितांना तोच हक्क १९७२ मध्ये मिळाला. वर्तमानपत्रांत नोकरीच्या जाहिराती ‘पुरुष हवेत’ व ‘स्त्रिया हव्यात’ अशा वेगळ्या रकान्यांत छापल्या जात. ही विभागणी रोखणारा स्थानिक नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये उचलून धरला. १९६४ च्या कायद्यात नोकरीतील भेदभावाच्या आधारांमध्ये ‘लिंग’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती त्या विधेयकाचे कट्टर विरोधक हॉवर्ड स्मिथ यांनी मांडली, आणि सभागृहात तिच्यावर हशा पिकला होता. १९६६ मध्ये स्त्रियांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, ती या तरतुदीची अंमलबजावणी टाळली जात असल्याच्या रागातूनच. ७ सप्टेंबर १९६८ रोजी अटलांटिक सिटी येथील सौंदर्यस्पर्धेबाहेर निदर्शक स्त्रियांनी उंच टाचांचे जोडे, कमरपट्टे, अंतर्वस्त्रे आणि फरशी पुसण्याचे पोछे एका पिंपात टाकले. त्या दिवशी काहीही जाळले गेले नाही. अंतर्वस्त्रे जाळणाऱ्या बायका ही दंतकथा वृत्तपत्रांनी जन्माला घातली आणि ती अजून मरत नाही.

हिप्पी संस्कृतीचा बहर त्यामानाने अल्पजीवी ठरला. १९६७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात हजारो तरुण लोटले. मोफत जेवण आणि मोफत दवाखाना यांचे प्रयोगही तेथे झाले. मात्र गर्दी, अमली पदार्थ आणि आजार यांना कंटाळून तेथील काही रहिवाशांनीच ६ ऑक्टोबरला ‘हिप्पी’ची लटकी प्रेतयात्रा काढली. ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉक संगीत महोत्सवाला चार लाखांहून अधिक लोक जमले. पहिल्या दिवशी स्वामी सच्चिदानंद यांचे भाषण झाले आणि त्या रात्री पावसात रविशंकर यांची सतार वाजली. आपल्या संगीताची नशेशी घातली गेलेली सांगड रविशंकर यांना मुळीच रुचली नव्हती. गोव्यातील कळंगुट व हणजूणच्या किनाऱ्यांवर याच लाटेतील मंडळी येऊन राहिली आणि ‘हिप्पी’ हा शब्द मराठीत रुळला, तो बहुधा नाक मुरडूनच उच्चारला गेला.

या वातावरणात इतर समूहांनाही कंठ फुटला. कॅलिफोर्नियातील डेलानो येथे सप्टेंबर १९६५ मध्ये फिलिपिनो व मेक्सिकन शेतमजुरांनी पुकारलेला संप द्राक्षांवरील देशव्यापी बहिष्कारामुळे १९७० मध्ये यशस्वी झाला. जून १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या मद्यगृहात समलिंगी लोकांनी पोलिसांना प्रतिकार केला, तर त्याच वर्षी नोव्हेंबरात मूलनिवासी तरुणांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्कट्राझ बेटाचा ताबा घेतला.

मराठी समाजाच्या दृष्टीने या दशकातील सर्वांत परिणामकारक घटना ३ ऑक्टोबर १९६५ ची, आणि तीत ना मोर्चा होता ना गाणे. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. भारतीयांना तोवर वर्षाला अवघ्या १०० जागांचा कोटा होता. नव्या कायद्याने वंशमूलावर आधारलेली ही पद्धत मोडीत काढून कौटुंबिक नाते आणि व्यावसायिक कौशल्य यांना प्राधान्य दिले. मुंबई-पुण्याच्या डॉक्टर व अभियंत्यांना त्यामुळे तिकडे स्थायिक होता आले. वंशभेद कायद्यातून हटविण्याची जी नैतिक निकड नागरी हक्क चळवळीने निर्माण केली होती, तिच्यावाचून हा कायदा त्या वर्षी संमत होणे कठीण होते.

परिवर्तनाला विरोधही तितकाच मोठा होता. मेम्फिस येथील सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी लॉसन यांच्या निमंत्रणावरून गेलेले किंग ४ एप्रिल १९६८ रोजी तेथे मारले गेले. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. आणि नोव्हेंबरात सुव्यवस्थेच्या घोषणेवर रिचर्ड निक्सन निवडून आले. बहुसंख्य अमेरिकी तरुणांनी कधी मोर्चात पाऊल टाकले नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कायदा आणि मन यांतील अंतर किती असते, याचे एक उदाहरण अलाबामा राज्याचे आहे. आंतरवंशीय विवाहांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी देशभर रद्द ठरविली. अलाबामाच्या राज्यघटनेतील तिचे कलम मात्र कागदावर तसेच राहिले. ते काढून टाकण्यासाठी २००० साली सार्वमत घेण्यात आले, तेव्हा सुमारे ४० टक्के मतदारांनी ते ठेवण्याच्या बाजूने मत दिले.