पालिकेकडून फ्लूची लस अन् गोळ्या: कोणाला मिळतात, कागद काय न्यायचे

नवी मुंबईत, कोपरखैरणेत आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या घराआड घर खोकतंय आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, पालिकेच्या दवाखान्यात फ्लूची लस फुकट मिळते का. मिळते, पण सगळ्यांना नाही. राज्य सरकारने २०१५ पासून ही लस जास्त धोका असलेल्यांसाठी मोफत ठेवलीये: चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायका, शुगर किंवा बीपीवाले, आणि दवाखान्यात काम करणारे. बाकीच्यांनी प्रायव्हेटमध्ये पैसे भरून घ्यायची.

आता कागद. सासूबाईंना घेऊन गेले तेव्हा आधार, लाइट बिल, भाडेकरार, दोन फोटो सगळं फोल्डरमध्ये लावून नेलं होतं, सिस्टरनी आधारवर एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "आजींची शुगरची फाईल?" ती घरी, फ्रिजवर. परत रिक्षा, परत लाइन. म्हणजे कुठे राहता यापेक्षा तुम्ही त्या गटात बसता हे दाखवणारा कागद आधी पिशवीत टाका. शुगर-बीपीवाल्यांनी डॉक्टरची चिठ्ठी किंवा रिपोर्ट, गरोदर बाईने माता बाल संरक्षण कार्ड, हॉस्पिटल स्टाफने आयकार्ड, सोबत आधार. सकाळी ओपीडीच्या वेळेत आपल्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन केस पेपर काढायचा, पण निघायच्या आधी लस आलीये का ते विचारून घ्या, स्टॉक संपलेला असू शकतो. अंगात ताप असेल तर त्या दिवशी जाऊ नका, आणि आधी कधी लसीची ॲलर्जी झाली असेल तर सांगा. असर यायला दोनेक आठवडे लागतात आणि दरवर्षी नवीन घ्यावी लागते, त्यामुळे आज घेतली आणि उद्या मास्क काढला असं नको.

आजारी पडलात तर मात्र "टेस्ट का करत नाही" म्हणून काउंटरवर भांडू नका, ते नियमानेच चालतात: लक्षणं बघून पेशंटचे अ, ब, क असे गट करतात. साधा ताप, खोकला, घसा म्हणजे अ गट, यात ना स्वॅब ना टॅमिफ्लू (फ्लूवरचं औषध), घरी बसायचं आणि एक-दोन दिवस लक्ष ठेवायचं. खूप ताप आणि घसा जाम दुखतोय, किंवा ताप साधाच पण गरोदर, ६५ च्या वर, शुगर, दमा, हार्ट असं काही असेल तर ब गट, तेव्हा टेस्टची वाट न बघता डॉक्टर ऑसेल्टामिविर (म्हणजे तीच टॅमिफ्लू) लिहून देऊ शकतात, आणि ती पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी. इथेही तीच जुनी फाईल कामाला येते. दम लागणं, छातीत दुखणं, नखं निळी पडणं, गुंगी म्हणजे क गट. केस पेपरच्या लाइनीत उभं राहायचं नाही, १०८ लावा किंवा सरळ वाशीचं पालिका हॉस्पिटल, ठाण्यात असाल तर कळव्याचं. स्वॅब याच पेशंटचा घेतात.

ॲडमिट करायची वेळ आली तर रेशनकार्ड आणि फोटोवालं ओळखपत्र लगेच मागवून घ्या. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, फक्त हॉस्पिटल योजनेत हवं. तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा हॉस्पिटलमधला माणूस) बिल व्हायच्या आधी गाठा, आपला आजार बसतो का ते तोच सांगेल.

आणि आशाताई तापाच्या सर्व्हेला आल्या की "आमच्याकडे कोणी नाही" म्हणून दार लावू नका, आतून खोकल्याचा आवाज त्यांनाही येतो. त्या फक्त ताप कोणाला, घरात गरोदर किंवा शुगरवालं कोण एवढंच लिहून नेतात.